दुपारचा मेन स्विच

चौतीस वर्षं आबांनी लोकांच्या दारात उभं राहून विजेच्या मीटरचे आकडे टिपले होते. नोकरी संपली, खोड काही संपली नाही. परदेशात मुलाकडे राहायला आले, तर बॅग उघडण्याआधी जिन्याखाली जाऊन मीटर बघून आले. या देशात उकाडा बारा महिने. मुलाला कंपनी घरभाडं द्यायची, वीजबिल मात्र त्याचं त्यानं भरायचं, आणि ठरावीक युनिटांच्या वर गेलं की दर दुप्पट. आबा आल्यानंतरचं पहिलं बिल बघून मुलगा ताटावरून अर्धा उठला. सून म्हणाली, उष्मा आहे, आबांनी दिवसभर एसी लावायलाच हवा. आपल्यामुळे बिल चढतंय हे ऐकून मीटरवाल्याला काय वाटत असेल, ते मीटरवाल्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली विद्या पाजळली. सकाळी मुलगा-सून कामावर आणि दहा वर्षांची नात टिकली शाळेत गेली की नऊच्या ठोक्याला आबा घराचा मेन स्विच खाली ओढत. नुसता एसी बंद ठेवूनही भागलं असतं. पण उभ्या आयुष्यात त्यांनी पळणारीच मीटरं पाहिली होती. थांबलेलं मीटर बघायला ते दिवसातून तीनदा जिना उतरत. ओला टॉवेल अंगावर टाकून फरशीवर पडून राहत आणि तीन वाजता स्विच वर करत. पुढचं बिल निम्म्यावर आलं. मुलगा सगळ्यांना सांगत सुटला की आबांचा पायगुण. आबा मिशीतल्या मिशीत हसले आणि गुपित गुपितच ठेवलं.

आता आबा बेफिकीर होते असं कुणी म्हणू नये. टिकलीला मधुमेह होता. सून तिला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायची, आणि औषधाच्या बाटल्या फ्रीजच्या दारात असायच्या. औषध गार राहिलं पाहिजे, एवढं आबांना पक्कं माहीत होतं. म्हणून मेन बंद करण्याआधी ते सगळ्या बाटल्या वर बर्फाच्या कप्प्यात, दोन ट्रेंच्या मध्ये ठेवत. तीनला बाहेर काढत तेव्हा आतल्या औषधाचा खडा झालेला असे. मग एकेक बाटली मुठीत धरून ऊब देत, पुरती वितळली की पुन्हा दारात, होती तशी लावून ठेवत. बर्फाचं पाणीच तर होतं, त्यात बिघडायचं काय?

त्याच सुमारास टिकली सुकायला लागली. सारखी तहान, सारखं बाथरूम, फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टरीणबाईंनी फोनवरून दोनदा डोस वाढवला, तरी साखर उतरेना. मुलगा सुनेवर चिडायला लागला की तू इंजेक्शन विसरतेस. तिने मोबाइलमध्ये गजर लावले. गजर वाजला की हातातलं काम टाकून पळायची, आणि तरीही आकडे वरच. आबा नातीला मांडीवर घेऊन वारा घालत.

शुक्रवारी संध्याकाळी टिकलीला उलट्या सुरू झाल्या. श्वास धापा टाकल्यासारखा, तोंडाला पिकून गेलेल्या फळाचा वास. तसंच उचलून सगळे दवाखान्यात धावले. नर्सने सलाईन लावलं, तिथलं ताजं इन्सुलिन सुरू केलं. मग डॉक्टरीणबाई सुनेकडे वळल्या.

"औषध कधी गोठलं होतं का? एकदा गोठलं की कामातून गेलं. वितळलं तरी बाटलीत नुसतं पाणीच समजा."

सून म्हणाली, नाही, फ्रीजच्या दारातच असतं, जागचं हलत नाही. आबांनी आपल्या मुठीकडे पाहिलं; याच मुठीत रोज एकेक खडा वितळला होता. खाटेवर टिकलीचे डोळे अर्धे मिटलेले होते, छाती भराभर वरखाली होत होती. डॉक्टरीणबाई बाहेर गेल्या तसा मुलगा बायकोला म्हणाला, "खरं सांग, किती वेळा राहिलं?"

गजरांची यादी उघडलेला मोबाइल तिने त्याच्यापुढे धरला. त्याने मान फिरवली. थोड्या वेळाने ती स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली की घरी गेल्यावर नवी सीलबंद बाटली फोडू.

सीलबंद बाटल्याही रोज बर्फातून जाऊन आल्या होत्या.

पाणी आणतो असं सांगून आबा खाली उतरले. दवाखान्याच्या दारातच औषधांचं दुकान होतं आणि खिशात पैसे होते. नव्या बाटल्या घ्यायच्या, घरी जाऊन जुन्या फेकायच्या, नव्या दारात लावायच्या. पोर बरी होईल. कुणाला काही कळणार नाही. ते काउंटरपर्यंत गेलेसुद्धा. दुकानदाराने काय हवं विचारलं, आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मग ही पोर बरी झाली तरी तिची आई जन्मभर विसरभोळी ठरणार. मुलगा तेच म्हणत राहणार. टिकली मोठी होऊन तेच ऐकणार. आणि आपण शेजारी बसून जेवणार. त्यांना स्वतःची इतकी भीती वाटली की काही न घेताच ते वळले. वर जाताना जिना संपूच नये असं वाटत होतं.

टिकलीची साखर उतरायला लागली होती. धाप कमी झाली होती. आबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले.

"ती काही विसरली नाही," ते मुलाला म्हणाले. "मी दुपारी मेन बंद करत होतो. औषध खराब होऊ नये म्हणून बर्फात ठेवत होतो. रोज. घरातल्या बाटल्यांना आता हात लावू नका."

मुलगा बघतच राहिला. सुनेने आधी त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. त्याची मान खाली गेली. मग ती आबांकडे वळली. ती ओरडली असती, रडली असती, तर आबांना बरं वाटलं असतं. तिचा आवाज अगदी हळू होता, आणि आबांच्या लक्षात आलं की ती त्यांना घाबरलीय.

"आबा, आम्ही घरात नसताना अजून काय काय करता? सगळं सांगा."

काही नाही, असं आबा म्हणणार होते. तोंडाशी आलंही होतं. पण बर्फाबद्दलही कालपर्यंत त्यांनी हेच, इतक्याच छातीठोकपणे सांगितलं असतं. ते खाटेची कड धरून खाली बसले आणि सकाळी उठल्यापासून आपण कशाकशाला हात लावतो, ते एकेक आठवून सांगायला लागले.