एकट्यानं फळणारा बदाम

मी बदामाचा एक म्हातारा वृक्ष. इटलीच्या दक्षिणेला, पुलियाच्या तांबड्या मातीत, दगडी गडग्याला टेकून उभा आहे. मला कोणी लावलं नाही. गडग्याच्या फटीत एक बी पडली आणि मी उगवलो. बागेतली बाकीची झाडं मात्र कलमी.

गडग्याच्या अलीकडे थोरला ओनोफ्रिओ, पलीकडे धाकटा सबीनो. बाप एक, वाटे दोन. बापानं अलीकडे एका जातीची, पलीकडे दुसऱ्या जातीची कलमं लावली होती, कारण बदामाच्या फुलाला स्वतःचे पराग चालत नाहीत. एका जातीची सगळी कलमं म्हणजे एकच शरीर, त्यामुळे त्यांना एकमेकांचेही चालत नाहीत. फेब्रुवारीत मधमाश्या गडगा ओलांडून ये-जा करायच्या, तेव्हा कुठे दोन्ही घरांत बदाम यायचे.

आई वारली आणि भावांचं बिनसलं. शेवटच्या आजारात ती ओनोफ्रिओकडे होती. सबीनो कामासाठी परगावी होता; तो पोचला तोवर तिला शवपेटीत ठेवलं होतं.

"आलास? बरं झालं. खांदा द्यायला एक माणूस कमीच होता," ओनोफ्रिओ सगळ्यांदेखत म्हणाला.

त्यानंतर बोलणं बंद. पुढे सबीनोनं उत्तरेला तोरिनोच्या कारखान्यात नोकरी धरली आणि आपली झाडं लाकूडवाल्याला विकली.

नुन्झिया, ओनोफ्रिओची बायको, नवऱ्याच्या मागे लागली. "जा ना, सांग त्याला. एक ओळ तरी राहू दे म्हणावं. आपल्या फुलांना पराग कुठून येणार?"

"त्याच्या दारात हात पसरू मी?"

"हात नको पसरू. थोरल्या भावासारखा बोल, बस."

तो गेला नाही. पलीकडची झाडं पडत गेली. निघायच्या दिवशी सबीनो गडग्यापाशी बराच वेळ उभा राहिला. अलीकडे ओनोफ्रिओ पाठमोरा माती खणत होता.

पुढच्या वसंतात बाग पांढरीशुभ्र फुलली. पाकळ्या गळाल्या आणि फांद्या रिकाम्या राहिल्या. फळ धरलं ते मी एकट्यानं; माझा बहर बाकीच्यांच्या आधीच सरतो, त्यामुळे माझे परागही त्यांच्या कामी येत नाहीत.

ओनोफ्रिओनं माझ्या बुंध्यावर थाप मारली. "बघ. याला कोणाची गरज नाही."

"झाडाबद्दलच बोलतोयस ना?" नुन्झिया म्हणाली.

माझी गोष्ट ऐकून शेतकी कॉलेजातल्या इमाकोलाता बाई आल्या. त्यांनी माझ्या कळ्यांवर कागदी पिशव्या बांधल्या, म्हणजे मधमाशी शिरू नये. तरी आत फळ धरलं.

"काका, प्रत्येक फुलात एक पहारेकरी असतो," दुसऱ्या वर्षी परत आल्यावर बाईंनी सांगितलं. "आपलेच पराग आले की तो त्यांना वाटेतच अडवतो. त्याला कामावर बोलावणारा जनुक याच्यात बिघडलाय. दार उघडंच राहतं."

"बिघडलाय कसा? सगळ्यांत शहाणा हाच निघाला."

"फळापुरता. पण मी पिशवीतल्या बिया पेरल्या होत्या. पुष्कळ रोपं खुरटली, काही पिवळी पडून मेली. दोन्हीकडून एकच रक्त आलं की झाकलेले दोष उघडे पडतात. तगली ती थोडीच."

ती माझी लेकरं. मी त्यांना कधी पाहिलं नाही.

ओनोफ्रिओनं मान डोलावली आणि सुरी काढली. माझ्या फांद्यांवरच्या डोळ्यांची, म्हणजे कोंबांची, कलमं त्यानं बागेतल्या एकेका झाडावर बांधली. काही वर्षांत सगळी बाग माझीच झाली आणि पलीकडच्या परागाशिवाय लगडली.

त्या दिवसांत एका ऑगस्टमध्ये सबीनो आला. केस पिकलेले, पायात शहरी बूट. ओनोफ्रिओ काठीनं बदाम झोडत होता.

"दादा," सबीनो गडग्यापलीकडून म्हणाला, "माझी बाजू पडीक आहे. म्हटलं, पुन्हा बाबांच्या जातीची झाडं लावू. तुझ्या फुलांना पराग लागतील."

काठी थांबली नाही. "आता लागत नाहीत."

सबीनोनं माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या ओळींकडे. "हो. दिसतंय," म्हणाला आणि वळला.

नुन्झिया मूठभर बदाम रुमालात बांधून रस्त्यापर्यंत धावली. परत आली तेव्हा रुमाल तसाच हातात होता.

पलीकडची झाडं पडल्यावर त्या पहिल्या वसंतात मीही वांझ राहिलो असतो तर? हा विचार मला अजून सोडत नाही. गरज असती, तर ओनोफ्रिओनं काठी खाली ठेवली असती. भावाला आत बोलावलं असतं.

सबीनो तोरिनोतच वारला. फोन आला त्या दिवशी ओनोफ्रिओ पहिल्यांदा गडगा ओलांडून पलीकडे गेला आणि तिथल्या तोडलेल्या झाडांच्या बुंधक्यांत दुपारपर्यंत बसून राहिला. पुढच्या हिवाळ्यात नुन्झियाही गेली.

आता माझ्या अर्ध्या फांद्या वाळल्यात. बदाम अजून येतात. झोडण्याआधी खाली मोठी जाळी पसरावी लागते, आणि ती दोघांनी धरायची असते. ओनोफ्रिओ एक टोक माझ्या बुंध्याला बांधतो, दुसरं ओढत निघतो. जाळी दुमडते. तो वाकतो, मागे येतो, सरळ करतो, पुन्हा निघतो. आज सकाळपासून हेच चाललंय.

रस्त्यानं जाणाऱ्या माणसांनो, त्याला विचारू नका, तो नको म्हणेल. सरळ आत या आणि ते टोक धरा.