चार भेटींचं पत्र

ऐली किवेला दारात बुटांचा चिखल झाडत होती तेवढ्यात क्लबचा कारभार सांभाळणाऱ्या ओलावीनं कागदावर शिक्का उमटवलासुद्धा.

"ये, बस," तो म्हणाला. "सही तेवढी राहिलीय. कॉफी पी आणि आजच डेलच्या दुकानात नेऊन दे हे."

ऐलीनं चष्मा लावून कागद वाचला. ऐली किवेला या आमच्या नेमबाजी क्लबच्या सभासद असून त्यांनी देखरेखीखालच्या तिन्ही भेटी पूर्ण केल्या आहेत, असं त्यात लिहिलेलं होतं.

"मी तर अजून एकही केलेली नाही," ती म्हणाली.

"अगं, ताउनोची बायको तू. त्यानं झाडं तोडून हे मैदान मोकळं केलं तेव्हा डबा घेऊन कोण यायचं? तुझी कसली परीक्षा घ्यायची आम्ही?"

ऐलीनं कागदाची नीट घडी घातली आणि त्याच्याकडे सरकवली. "ताउनोनं त्याच्या सख्ख्या भावाला दोन भेटींवर पत्र दिलं नव्हतं. दोन वर्षं बोलत नव्हते दोघं. दर नाताळाला मधे मी बसायचे, ओलावी. रविवारी येते मी."

गोष्ट एका पिस्तुलाची होती. बावीस बोअरचं, नेमबाजीचं, आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेलं. ही मूठ ताउनोनं एका लांबलचक हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या टेबलावर कोरली होती आणि ऐलीनं ती सँडपेपरनं घासून गुळगुळीत केली होती. रोज रात्रीच्या जेवणानंतर तासभर, मार्चपर्यंत. पुढं त्या पिस्तुलानं ताउनोनं प्रांतात तीनदा बक्षीस मिळवलं. बातमीत मुठीचं कौतुक आलं की तो म्हणायचा, कोरणं सोपं असतं, घासणाऱ्याचं नाव विचारा. कुणी विचारलं नाही ही गोष्ट वेगळी.

तो गेला तेव्हा ऐलीकडे साध्या रायफलचाच परवाना होता. पिस्तूल घरात ठेवता येईना, म्हणून ते हमरस्त्यावरच्या डेलच्या बंदुकांच्या दुकानात, त्याच्या तिजोरीत गेलं. एकसष्टाव्या वर्षी तिनं वर्गात बसून पुढचा परवाना काढला. लेखी परीक्षेत तिचा एकच प्रश्न चुकला, आणि तो कोणता हे ती भेटेल त्याला सांगायची. पण आमच्या प्रांतात पिस्तूल नावावर करायचं तर नुसता परवाना पुरत नाही. घेणारा कुठल्यातरी क्लबचा सभासद आहे असं पत्र लागतं, आणि आमचा क्लब ते देखरेखीखाली तीनदा नेमबाजी केल्यावरच देतो. तशात डेलनं दुकान बंद करायचं ठरवलं होतं. तीस एप्रिलचा शुक्रवार हा त्याचा शेवटचा दिवस. त्यानंतर उरलेला सगळा माल विनिपेगचा एक व्यापारी उचलणार होता, आणि त्या मुठीवर त्याची नजर आधीच पडलेली होती.

अकरा तारखेच्या रविवारी ऐलीची पहिली भेट झाली. झाडांच्या सावलीत अजून गुडघाभर बर्फ होतं. मैदानाची अधिकारी होती डेनिस बुशे, लाकडाचे ट्रक चालवणारी, तिशीतली, कमी बोलणारी. तिनं ऐलीच्या हातात क्लबचं जुनं पिस्तूल दिलं आणि टेबलामागच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"लाल दिवा लागला की माणसं लक्ष्याचे कागद बदलायला पुढं जातात. तेव्हा सगळी पिस्तुलं उघडी करून टेबलावर ठेवायची आणि आपण पट्ट्यामागं उभं राहायचं. हात लावायचा नाही. पिस्तुलाला नाही, पेटीला नाही, रुमालालासुद्धा नाही. लावला तर त्या दिवसाची भेट बाद."

"माहीत आहे," ऐली म्हणाली. "हा नियम जेवताना ऐकलाय मी. तीस वर्षं."

"ऐकणं वेगळं," डेनिस म्हणाली.

पहिल्या रविवारी ऐलीच्या निम्म्या गोळ्या कागदाबाहेर गेल्या. दुसऱ्या रविवारी बहुतेक कागदात आल्या, दोन तर काळ्या वर्तुळात. ओलावी तो कागद भिंतीवर लावायला निघाला होता. तिनं तो त्याच्या हातून काढून पर्समध्ये ठेवला.

तिसरा रविवार पंचवीस तारखेचा. वीस गोळ्या झाडून झाल्या, लाल दिवा लागला, चौघे जण कागद बदलायला पुढं गेले. ऐली पट्ट्यामागं उभी होती. डेनिस पलीकडच्या टोकाला सुटलेला झेंडा बांधत होती. तेवढ्यात तिरका पाऊस आला, अर्धा बर्फाचा. छपराखालून आत येऊन तो सरळ टेबलावर पडायला लागला. क्लबच्या पिस्तुलाच्या लाकडी मुठीवर थेंब दिसले मात्र, ऐली दोन पावलं पुढं गेली, गळ्यातला स्कार्फ काढून तिनं मुठीवर टाकला आणि कडेनं नीट दाबला. लाकडाला पाणी लागू द्यायचं नाही, हेही तिनं तीस वर्षं ऐकलं होतं.

मग तिला आपला हात दिसला.

ती मागं आली. माणसं परत आली, हिरवा दिवा लागला. स्कार्फकडे पाहून एक जण म्हणाला, "वा, पिस्तुलालाही थंडी वाजते का?" ऐली हसली नाही. शेवटच्या दहा गोळ्या तिनं झाडल्याच नाहीत. ती ओलावीच्या टेबलापाशी गेली. तो वहीत तिची तिसरी भेट लिहीत होता, अगदी वळणदार अक्षरात.

"ती ओळ खोडून टाक," ऐली म्हणाली. "लाल दिव्यात मी पिस्तुलाला हात लावला."

ओलावीचं पेन थांबलं. "कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं."

"ऐली, अगं शुक्रवारी डेल दुकान..."

"मला वार माहीत आहेत."

डेनिस तिथं आली. ओलावीनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की दगडालाही दया आली असती. डेनिसनं सगळं ऐकून घेतलं, एकच प्रश्न विचारला, "माणसं पुढं होती?"

"चौघे," ऐली म्हणाली.

डेनिसनं पेन घेतलं, ओळीवर आडवी रेघ मारली आणि वही ऐलीपुढं धरली. "कारण तुम्ही लिहा."

ऐलीनं लिहिलं: मूठ भिजत होती म्हणून हात लावला. माणसं पुढं होती. चूक माझी.

सही करून ती गाडीची किल्ली शोधत दाराकडे निघाली. बत्तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली होती. एकदा दुपारी सगळी बस तपासून झाली असं वाटल्यावर एक झोपलेलं पोर तिला शेवटच्या बाकाखाली सापडलं होतं. तेव्हापासून ती बस दोनदा तपासायची. पुढचा रविवार डेलच्या शुक्रवारनंतरचा, म्हणजे पिस्तूल आता विनिपेगला जाणार हे तिला कळत होतं.

"थांबा जरा," मागून डेनिसचा आवाज आला.

ती दाराशेजारच्या फळ्यासमोर उभी होती. नियमांचा फळा, ताउनोच्या अक्षरातला. डेनिसनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "देखरेखीखालची भेट एक अधिकारी व दोन सभासद हजर असता, दिवसाउजेडी व्हावी." मग ती वळली. "यात रविवार कुठं आहे?"

ओलावी धावतच आला. "नाहीच आहे. आपण आपले सवयीनं येतो रविवारी."

ऐली परत आत आली. फळा तिनं स्वतः वाचला, वरपासून खालपर्यंत. "ताउनो लिहायचं विसरला असेल," ती म्हणाली. "त्याच्या विसरण्याचा फायदा मी नाही घेणार."

"ताउनो? आणि विसरेल?" ओलावी म्हणाला. "तेव्हा निम्मे सभासद कागद कारखान्यात पाळीवर होते, रविवारीसुद्धा. त्यांना यायला मिळावं म्हणून त्यानं वार घातला नाही. मी भांडलो होतो त्याच्याशी, रविवार घाल म्हणून. हरलो."

ऐलीनं किल्ली परत पर्समध्ये टाकली. "मग बुधवारी," ती म्हणाली. "सकाळी नऊला. दोन सभासद बघ."

बुधवारी अकरा आले. तिघे रात्रपाळी संपवून थेट, डब्यांसकट. एकाच्या बायकोनं वेलदोड्याचा पाव पाठवला होता, अजून गरम. नियमाला दोनच लागत होते, पण परत कुणी जाईना.

"इतकी गर्दी कशाला?" ऐलीनं विचारलं.

"मोजायला," एक जण म्हणाला. "ओलावीला दोनपुढं मोजता येत नाही."

वीस गोळ्या झाल्या. लाल दिवा लागला. आणि आभाळानं जणू ठरवूनच पुन्हा तसाच तिरका पाऊस पाठवला. ऐली पिवळ्या पट्ट्यामागं उभी होती, हात पाठीमागं, एका हातानं दुसरं मनगट घट्ट धरून. थेंब मुठीवर पडत होते. लाकूड काळं पडत चाललं होतं. अकरा माणसं मुठीकडे पाहत होती, आणि डेनिस फक्त ऐलीच्या हातांकडे.

हिरवा दिवा लागला. ऐली पुढं झाली, आधी स्कार्फनं मूठ कोरडी केली, सावकाश, लाकडाच्या रेषेरेषेनं. मग उरलेल्या दहा गोळ्या झाडल्या. सात काळ्यात होत्या.

शुक्रवारी सकाळी डेलचं दुकान अर्धं रिकामं झालं होतं. त्यानं पत्र वाचलं आणि कपाळाला आठी घातली.

"हे काय लिहिलंय ओलावीनं? 'चार भेटी. तिसरी बाद, अर्जदारानं स्वतः चूक सांगितल्यामुळे.' असलं कुणी लिहीत नाही, ऐली. परवान्याच्या कार्यालयाला तीन भेटी दिसल्या की झालं. त्याला फोन करतो, साधं पत्र पाठवेल."

"काही फोन करू नकोस," ऐली म्हणाली. "मीच सांगितलं होतं तसं लिहायला."

डेलनं खांदे उडवले, कार्यालयाला फोनवरून सगळे आकडे सांगितले, उत्तर आलं तसं लिहून घेतलं. मग तिजोरी उघडून त्यानं पेटी आणली. ऐलीनं झाकण उघडलं. मूठ थोडी कोरडी पडली होती, जवसाचं तेल मागत होती. तिनं अंगठ्यानं ती एकदा चाचपली आणि पेटी बंद करून कुलूप लावलं.

"छान काम आहे हे मुठीचं," डेल म्हणाला. "ताउनोचं ना?"

"कोरलीय त्यानं," ऐली म्हणाली. "घासलीय मी."

दारापाशी जाऊन ती वळली. "आणि पत्राची एक प्रत कर मला," ती म्हणाली. "चौकटीत लावायचीय."