चष्म्याच्या दुकानातला बारीक अक्षरांचा प्रश्न

मित्रांनो, मी एक जुने कार्ड घासायचे मशीन आहे, आणि एके दिवशी मी माझ्या मालकाला भर दुकानात तोंडघशी पाडले. तुमचा विश्वास बसणार नाही. खणात माझ्या शेजारी पडलेल्या स्क्रूड्रायव्हरचाही बसत नाही. पण आज मालकाच्या धाकट्या मुलीने खेळातले दुकान मांडायला मला बाहेर काढले आहे, तुम्ही सगळी मुले भोवती बसला आहात, तर ऐकाच. तिची आत्या तिकडे काचा पुसत बसली आहे आणि ऐकत नसल्याचे सोंग करते आहे. करू दे. मला इतका राग आलेला आहे की आत बॅटरी नसतानाही मी गरम होतो. हात लावून बघा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे आम्हाला टेबलावरून खाली टाकून बघत. जो फुटला नाही तो पास. मला टाकले तेव्हा फरशी फुटली. मग मला पुन्हा टाकायच्या भानगडीत कोणी पडले नाही. सरळ खोक्यात भरले आणि बंदराजवळच्या या चष्म्याच्या दुकानात धाडून दिले.

सुरुवातीचे दिवस लाडाचे होते. ज्या मऊ फडक्याने चष्म्याच्या काचा पुसायच्या, त्याच फडक्याने मालक मला पुसत. बोटीतून उतरलेले परदेशी प्रवासी दुकानात येत. पूर्वी त्यांना आधी कोपऱ्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्याकडे जावे लागे, आणि तिथून ते दात उपटून घेतल्यासारखे तोंड करून परत येत. आता कार्ड घातले, आकडे दाबले, झाले. मालक शेजारच्या टोपीवाल्याला सांगत, "मशीन म्हणजे सोनं आहे सोनं." मीही फुगलो. कार्ड कोणत्या देशाचे ते मी नुसत्या वासावरून ओळखत असे. एकदा तर कार्डवाल्याला सर्दी झाली आहे हेही ओळखले होते.

मग तो बॅगवाला आला. मशीन देणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याने माझ्या पोटात एक नवा प्रश्न घातला आणि मालकांना समजावू लागला.

"परदेशी कार्ड आलं की हे विचारेल, पैसे इथल्या चलनात देता की तुमच्या देशाच्या? डावं बटण म्हणजे त्यांच्या देशाचं. ते दाबलं की बदलायचा दर आम्ही ठरवणार. वरचे पैसे आमचे, त्यातले थोडे तुमचे."

"आणि ते इथल्या चलनात म्हणाले तर?"

"कशाला म्हणतील? घरचा आकडा दिसला की माणसाला बरं वाटतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाय नाहीत मला, तरी गेली.

तसे बघाल तर प्रश्न विचारण्यात काही वाईट नाही. विचारा की. पण विचारल्यासारखा विचारा. हे चष्म्याचे दुकान. इथे येणाऱ्याचा चष्मा फुटलेला तरी असतो, नाहीतर काउंटरवर काढून ठेवलेला असतो. आणि माझ्या पडद्यावर अक्षरे कशी, तर मुंगीएवढी. जो माणूस सकाळपासून गिऱ्हाइकाला भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसवून "खालची ओळ वाचा, अजून खालची वाचा" म्हणत असे, तोच पैसे घ्यायच्या वेळी मला हळूच स्वतःकडे वळवून घ्यायचा, डावे बटण दाबायचा आणि "हे असंच असतं" म्हणायचा. लोकांना दिसायला लागावे म्हणून उघडलेले दुकान, आणि लोकांना दिसत नाही यावरच वरकमाई. शरम म्हणून काही असते की नाही? आणि बटण त्याने दाबायचे, पण कागदावर छापून निघायचे माझ्या तोंडून: गिऱ्हाइकाने स्वतः निवडले. माझ्या तोंडून!

असेच चालले होते. मग एक दिवस त्या बाई आल्या.

वयस्कर होत्या. बोटीतल्या बाकावर ठेवलेल्या चष्म्यावर स्वतःच बसल्या होत्या. दोन्ही काचांचा चुरा. मालकांनी फ्रेम आत आत्याकडे दिली, ती मागच्या खोलीत नव्या काचा घासायला बसली. बाई सगळे बोलून मोकळ्या झाल्या. पलीकडच्या बेटावर त्यांची थोरली बहीण दवाखान्यात होती. दुसऱ्या दिवशी तिचे ऑपरेशन.

"हट्टी आहे हो," बाई म्हणाल्या. "डॉक्टरांना सांगून बसलीय, माझी धाकटी आल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही. दुपारची बोट मिळायलाच हवी मला."

"मिळेल की."

"मिळेल, पण पैसे अगदी बेताचे आहेत. भाच्याने निघतानाच कार्डात तुमच्या इथलं चलन भरून दिलं. चष्म्याचे गेले की बरोबर तिकिटापुरते उरतात."

मित्रांनो, नीट ऐका. कार्डात इथलेच पैसे. द्यायचे इथेच. आणि डावे बटण दाबले की ते आधी त्यांच्या देशाच्या पैशांत बदलायचे, मग कार्डातून निघताना पुन्हा इथल्या. दोन्ही वेळा कात्री. म्हणजे तिकीट गेले, बोट गेली, आणि तिकडे ती हट्टी बहीण दाराकडे बघत पडलेली.

मालकांना हे कळत नव्हते असे नाही. सगळे कळत होते. तरी म्हणाले, "काचा होईपर्यंत पैसे देऊन टाका, बाई." आणि मला स्वतःकडे वळवले. हात डाव्या बटणाकडे निघाला.

तेव्हा माझे डोके फिरले. मी पोटातून असा जोर लावला की पडद्यावरची अक्षरे फुगू लागली. वाटाण्याएवढी झाली. वांग्याएवढी झाली. पडद्यात मावेनात, तेव्हा बाहेर पडली आणि भिंतीवर चढली. शेजारचा टोपीवाला दारात आला. बंदरातल्या कप्तानाने तिथून वाचली आणि भोंगा वाजवला. बिनचष्म्याच्या त्या बाईंनी मान वर केली आणि मोठ्याने वाचले, "इथल्या चलनात की तुमच्या?" मग त्या शांतपणे म्हणाल्या, "इथल्या. हे काय विचारणं झालं?" मालकांचे तोंड असे उतरले की ते परत जागेवर आलेच नाही. बाईंना बोट मिळाली. बहीण निमूट टेबलावर झोपली. आणि मला बक्षीस काय मिळाले? हा खण.

तर मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण परक्या गावी कोणी पैशांचे मशीन स्वतःकडे वळवले, तर ते आपल्याकडे ओढून घ्या. चष्मा लावा. वाचा. मागे रांग लागली तर लागू दे, आणि बटण दाबायचे ते आपल्या बोटाने. नाही तर माझ्यासारख्याने प्रत्येक वेळी भिंतीवर अक्षरे कुठवर चढवायची...

"पुरे आता," आत्या म्हणाली. हातातली काच तिने खाली ठेवली होती. "अक्षरं मुंगीएवढीच होती. त्या मावशींना एक अक्षर दिसत नव्हतं. मी एकच काच बसवलेला चष्मा घेऊन धावत बाहेर आले, त्यांच्या नाकावर ठेवला आणि म्हटलं, आधी वाचा, मग पैसे द्या. दादा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. आणि तू काय करत होतास? कागद संपला म्हणून किरकिर. तो रोलही मीच घातला."