नळाला हात लावायचा नाही

माझा दादा प्लंबर आहे आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ चार वर्षं गळत होता. लोकांना एवढं पुरेसं असतं. शेजारच्या काकू तर दादा जिन्यात दिसला की मुद्दाम विचारायच्या, आमच्या ओळखीचा एक माणूस आहे, पाठवू का नळ बघायला? दादा हसायचा आणि पिशवी खांद्यावर टाकून लोकांचे नळ दुरुस्त करायला निघून जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे टपटप वाजत होता.

कारण माझा सिनेमा. मी सिनेमे करते, म्हणजे करायचे असतात. पोटासाठी लोकांची लग्नं शूट करते, लिफ्टमध्ये अडकल्यास घाबरू नये असं सांगणाऱ्या फिल्म करते, आणि उरलेल्या वेळात उरलेल्या पैशांत माझा सिनेमा. वेळ आणि पैसा एकाच वेळी उरलेत असं क्वचितच व्हायचं.

गोष्ट आईची आहे. बाबा गेल्यावर आई बरेच दिवस स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर नुसती बसून असायची. मग एका संध्याकाळी उठली, निळा स्वेटर घातला, आणि इस्पितळाच्या धुलाईघरात रात्रपाळीचं काम मागायला गेली. मी तेव्हा तान्ही होते, हे सगळं मला दादाने सांगितलं. त्या कामावर तिने आम्हा दोघांना वाढवलं. आता ती नाही. मला तो एक दिवस दाखवायचा होता, सकाळी ती खुर्चीवर बसते तिथपासून संध्याकाळी दाराबाहेर पडते तिथपर्यंत. एक खोली, एक बाई, एक दिवस. आईचं काम वहिनीने केलं, कारण चहापाण्यावर राबायला दुसरी कोण येणार? वहिनीला अभिनय येत नाही, आणि हे माझं केवढं मोठं नशीब ते तिला अजून पटलेलं नाही.

तर हा एक दिवस शूट करायला आम्हाला चार वर्षं लागली. पैसे आले की दोन दिवस शूटिंग, संपले की घरी बसा. आणि गोष्ट एकाच दिवसाची, म्हणून खोलीत काहीही बदलायचं नाही असा माझा हुकूम. भिंतीला रंग नाही. तडकलेली फरशी तशीच. वहिनीने हौसेने आणलेले नवे पडदे कपाटात पडून, आणि केस कापायची बिचारीला बंदी. पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यात दिसलं की वहिनीच्या डोक्यामागे नळातून थेंब पडतोय, खिडकीच्या उजेडात चमकतोय. सकाळी गळणारा नळ दुपारी कोरडा कसा असेल? दादा तेवढ्यात पाना घेऊन उठला होता. मी ओरडले, नळाला हात लावायचा नाही! त्याने माझ्याकडे बघितलं, मग नळाकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "बरं," म्हणाला, आणि पाना पिशवीत टाकला.

मग सुरू झाल्या माझ्या वाऱ्या, अनुदान देणाऱ्या समित्यांच्या दारात. लांब टेबल, पलीकडे पाच माणसं, अलीकडे मी. सिनेमात घडतं काय, असं विचारायचे. मी सांगायचे, एक बाई घराबाहेर पडायचं ठरवते. आणि मग? मग पडते. यावर ते एकमेकांकडे बघायचे, मला पाणी विचारायचे आणि गोड बोलून तोंडाला पानं पुसायचे. एकाने तर सुचवलं की त्या बाईला एखादा आजार द्या. माझ्या जिभेवर आलेलं मी त्याला तिथे ऐकवलं नाही. घरी येऊन वहिनीला ऐकवलं.

मागच्या वर्षी मी थकले. कारखान्यांसाठी फिल्म करणाऱ्या एका कंपनीने कायमची नोकरी देऊ केली. पगार चांगला, अट एकच, बाहेरचं काम करायचं नाही. मी घरी आले, खुर्चीवर बसले आणि म्हटलं, दादा, नळ करून टाक. वहिनीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्या वाक्याचा अर्थ आम्हा तिघांनाही कळला होता.

दादा म्हणाला, वायसर नाहीये.

प्लंबरकडे वायसर नाही! वाण्याने मीठ संपलंय म्हणावं तसला प्रकार. दुसऱ्या दिवशी म्हणाला, आणलं पण माप चुकलं. मग पाना कुणाकडे तरी राहिला. मग कंबर धरली. मी चिडून म्हटलं, मी बाहेरचा माणूस बोलावते, तर म्हणाला, माझ्या घरात दुसरा प्लंबर आला तर मी धंदा बंद करीन. आणि नळ आपला टपटप, टपटप. मी नोकरीचा कागद पुढ्यात घेऊन बसायचे, पेन उघडायचे, आणि मागे तो थेंब. बाई अजून खुर्चीवरच बसलेली आहे, हे तो मला विसरूच देईना. कागद तसाच राहायचा.

अशात दातांच्या डॉक्टरबाईंचा फोन आला. त्यांच्यासाठी मी दात कसे घासावेत याची फिल्म केली होती. त्यांना ती आवडली होती आणि उगाच चौकशी करत होत्या, तुम्ही आणखी काय करता? मी म्हटलं, दाखवतेच. पेशंट गेल्यावर त्यांच्या बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर जेवढा झाला होता तेवढा सिनेमा लावला. शेजारी प्लास्टरच्या कवळ्या मांडलेल्या, समोर आमची वहिनी.  संपल्यावर बाईंनी विचारलं, "ही शेवटी बाहेर पडते का?"

"ते शूट व्हायचंय अजून."

"मग करा ना. असं अर्धवट ठेवून मला घरी पाठवू नका."

राहिलेल्या दिवसांचा सगळा खर्च त्यांनी उचलला. ना करार, ना आजार घालायची सूचना. फक्त शेवटच्या दिवशी बघायला येईन म्हणाल्या. मी रिक्षात बसून हमसून हमसून रडले आणि नोकरीला नकार कळवला.

शेवटचा शॉट. वहिनी उठली, आईचा स्वेटर घातला, कप विसळला, नळ बंद केला. दार उघडून गेली. रिकामी खोली, आणि नळातून एक थेंब, मग दुसरा. मला कट म्हणवेना. शेवटी बहिऱ्याच म्हणाला. बहिऱ्या म्हणजे आमचा आवाज घेणारा माणूस. कानाला हेडफोन लावला की त्याला हाका ऐकू येत नाहीत म्हणून हे नाव.

मग चहा आला. डॉक्टरबाई नळाकडे बघत होत्या. भीतभीत म्हणाल्या, "एक विचारू? नळ आधीच दुरुस्त करून, शूटिंगपुरता थोडा सैल सोडला असता, तरी असाच गळला असता ना?"

 बहिऱ्याने कप खाली ठेवला. वहिनीने आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मला चार वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. माझं राहू दे, मी कलावंत. पण दादा?

दादा पिशवीत तोंड खुपसून काहीतरी शोधत होता.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्याच दिवशी," तो म्हणाला. "प्लंबर आहे मी, बये."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ओरडलीस तेव्हा वाटलं, राहू दे. नळ गळतोय तोवर हिला काम पुरं करावंसं वाटेल. दुरुस्त केला असता तर सगळं नीट दिसलं असतं, आणि तू नोकरीला लागली असतीस." पिशवी मिटत म्हणाला, "आई बाहेर पडताना मला बघायची होती. त्या संध्याकाळी मी झोपलो होतो, सगळं नंतर तिच्या तोंडूनच ऐकलं."

चार वर्षं. काकूंचे टोमणे, गिऱ्हाइकांचं हसणं, आणि या माणसाने ताकास तूर लागू दिली नाही. मी त्याच्या गळ्यात पडले आणि त्याचा शर्ट भिजवला. वहिनी म्हणाली, अहो, नळ परवडला. पण तिचेही डोळे भरलेले होते, आणि डॉक्टरबाई तर उघड नाक पुसत होत्या. मला देव किती कळतो माहीत नाही, पण माणसं मात्र मला चांगली भेटली.

दादाने शर्टाच्या खिशातून वायसर काढलं. मापाचंच होतं, कधीचं खिशात होतं कोण जाणे. मी बॅटरी धरली. चहा निवायच्या आत काम झालं आणि खोली एकदम गप्प झाली, इतकी की आम्हा सगळ्यांना चुकल्यासारखं वाटलं.

हात पुसत दादा म्हणाला, "पुढचा सिनेमा कुठल्या खोलीत आहे ते आधीच सांगून ठेव. तिथलं काही दुरुस्त करणार नाही."