सांबारवडीशिवायचा शुक्रवार

आमच्या यवतमाळच्या ख्रिस्ती विद्यार्थी मंडळात दर शुक्रवारी साठ पोरं यायची, आणि मला वाटायचं की ती माझ्यासाठी येतात.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दुपारी चारला आम्ही जमायचो. गावोगावच्या ख्रिस्ती घरांतून शिकायला आलेली पोरं कॉलेज सुटलं की थेट तिकडेच यायची. गाणी मी घ्यायची, गिटार मी वाजवायची, वचन मी सांगायची आणि प्रार्थनाही मीच करायची. मी मूळची नगरची, पाळकाची मुलगी. माझी प्रार्थना ‘हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या’पासून सुरू व्हायची आणि दहा मिनिटं शुद्ध मराठीत चालायची. ती संपता संपता कौसल्या मावशी स्वयंपाकघरातून गरम सांबारवडीची परात घेऊन यायची. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तिचं सारण बेसनाच्या पारीत गुंडाळून तळलेली ती वडी, सोबत कढी. परात दिसली की पोरं ‘आमेन’ म्हणायची. आमेन फार दणक्यात व्हायचं. चार वर्षं मी त्याला आत्मिक जागृती समजत होते.

डिसेंबरात दोन गोष्टी एकदमच झाल्या. कौसल्या मावशी लेकीच्या बाळंतपणाला सव्वा महिन्यासाठी दारव्ह्याला गेली. आणि नागपूरहून आमच्या संस्थेच्या भास्कर सरांचा फोन आला. “रिबेका, माणसं कमी पडताहेत. जानेवारीत मी येऊन तुमचं काम बघतो. जीव असेल तर ठेवू, नाहीतर यवतमाळ बंद करून तुम्हाला नागपूरला घेऊ.”

“या की, सर,” मी म्हणाले. “हॉल पुरत नाही आम्हाला.”

पुढच्या शुक्रवारी तीन जण आले.

अनुग्रह लोहाऱ्याहून आला, कारण ‘या वेळी नाश्ता नाही’ हा ग्रुपवरचा निरोप त्याने वाचलाच नव्हता. रुपाली आली, कारण अनुग्रह तिचा मावसभाऊ, आणि ती त्याच्याच गाडीवर बसून आली होती. तिसरी घाटंजीची प्रियंका. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, खिडकीजवळ शेवटच्या खुर्चीवर बसणारी. मी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

सत्तावन्न रिकाम्या खुर्च्यांसमोर मी गिटार वाजवली. मग घरी गेले आणि रागारागात मावशीला फोन लावला. चूक माझी असली की मला आधी दुसऱ्याचा राग येतो.

“मावशी, चार वर्षांत एकीलाही ती वडी शिकवली नाहीत तुम्ही? आता तुमच्यामागे कोण करणार?”

“शिकाले कोनी आलंच नाई वं. सारे खाले येत,” मावशी म्हणाली. मागे बाळ रडत होतं. “मले बी वाटे, आपन करतो ना, मंग कायले कोनाले तरास? पन तुले एक इचारू? तू आजारी पडली असती, तं प्रार्थना कोन केली असती?”

मी तोंड उघडलं. नाव सुचेना. साठांतलं एकही नाव सुचेना.

“बोल ना बाप्पा,” मावशी म्हणाली.

“ठेवते मी,” म्हणाले आणि ठेवला. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. प्रभूने हजारोंना जेवू घातलं ते खरं, पण तीन वर्षं सोबत घेऊन हिंडला तो बारा शिष्यांनाच. हे मी स्वतः किमान वीस वेळा शिकवलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

मग गिटार कपाटात गेली. आम्ही चौघं हॉलच्या स्वयंपाकघरात बसू लागलो, शुक्रवारीच नाही तर मधल्या वारीही. मावशी फोनवरून सांगायची आणि आम्ही वड्या बिघडवायचो. अनुग्रहची वडी कढईत पडताच फुटायची. “सारन जादा भरून राह्यला तू,” प्रियंका हळूच म्हणाली, आणि त्याचा हात धरून पारी कशी दुमडायची ते दाखवलं. तो तिचा मी ऐकलेला पहिला आवाज. वड्या तळता तळता बायबलमधला एक उतारा वाचायचा, आणि ज्याला जे समजलं नाही ते त्याने विचारायचं. त्यांना किती समजलं नव्हतं! चार वर्षं मी सांगत होते आणि विचारायला जागाच ठेवली नव्हती.

मी एकेकाच्या घरी जाऊन जेवूही लागले. एका बाजाराच्या दिवशी मी प्रियंकासोबत घाटंजीला गेले. तिची आई बाजारात भाजी विकते. आम्ही दोघी पोत्यावर बसून वांगी विकली, म्हणजे तिने विकली आणि मी गिऱ्हाइकांना उगाच नमस्कार केले. परतीच्या एसटीत मी विचारलं, “प्रियंका, तू कधीच मोठ्याने प्रार्थना का करत नाहीस गं?”

ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “ताई, मले तुमच्यासारखं नाई येत. परम... ते कृपाळू वगैरे. घरी मी आपली अशीच बोलतो देवासंगं. पन ते हॉलमंदी कसं चालन?”

मला हसू आलं आणि रडूही. एवढ्या मोठ्या देवाला वऱ्हाडी समजत नाही, हे या पोरीला मीच शिकवलं होतं, एक शब्दही न सांगता.

“चालेल,” मी म्हणाले. “उद्यापासून आपण सगळे तसंच बोलू.”

“तुमाले जमन का पन?” तिने खरोखर काळजीने विचारलं. मला जमलं नाही. दुसऱ्या दिवशी माझं वऱ्हाडी ऐकून तिघंही पोट धरून हसली.

जानेवारीत तिघांनी आपापला एकेक सोबती आणला, त्यातल्या दोघांनी आणखी एकेक. आठ झाले. भास्कर सरांना साठांचा हॉल दाखवायचा होता, आणि माझ्याकडे आठ जण. सर यायच्या आदल्या रात्री मनात आलंच, एक निरोप टाकावा, ‘उद्या नाश्ता आहे’. फोन हातात घेतला, आणि खाली ठेवला.

शुक्रवारी मी सरांना आणायला बसस्थानकावर गेले. नागपूरची गाडी तासभर उशिरा आली. हॉलवर पोचलो तेव्हा पावणेपाच वाजले होते. पोरं कंटाळून निघून गेली असणार, असं धरूनच मी पायऱ्या चढले.

दाराशी आठ नाही, नऊ जोड चपला होत्या. नववी कौसल्या मावशीची. सव्वा महिना संपवून ती सकाळीच परतली होती. आत सगळे खाली सतरंजीवर गोल बसले होते. परातीत वड्या होत्या, दोन-तीन फुटलेल्या, आणि त्यांना अजून कोणी हात लावला नव्हता. आवाज प्रियंकाचा होता.

“देवा, रुपालीचा पेपर चांगला जाऊ दे. मावशीच्या नातवाले सुखी ठेवजो. अन् आमच्या ताईले पाह्यजो. ताईले गुस्सा लवकर येते, पन तिच्या मनात काई राह्यत नाई. ती आमच्या सगळ्याईच्या घरी जाऊन जेवते, पन तिच्या घरी एकटीच जेवते. मी पाह्यलं. तिले नागपूरले नेऊ नको देवा. अन् नेलंच तं तिथं कोनी तरी तिच्यासंगं जेवाले देजो. आम्ही इथलं पाहून घेऊ.”

चार वर्षांत माझ्यासाठी कोणी प्रार्थना केली नव्हती. कशी करणार, मी कोणाला शिकवलीच नव्हती. मी दारातच उभी राहून ढसाढसा रडले. सर एका हातात बूट धरून उभे होते. त्यांनी ना खुर्च्या मोजल्या, ना पोरं.

“आमेन,” आतून नऊ जण म्हणाले. सगळ्यांत मोठ्याने माझ्या शेजारून सर म्हणाले.

मग त्यांनी बूट खाली ठेवले आणि हळूच विचारलं, “रिबेका, आज तुमच्यासोबत मी जेवलो तर चालेल का?”

“आधी वडी खा, सर,” मी डोळे पुसत म्हणाले. “फुटलेली असेल तर अनुग्रहची समजा. आणि यवतमाळचं काय ते यांनाच विचारा.”