नग क्रमांक बेचाळीस

ब्रसेल्सला कस्टम्सनं पेट्या उघडल्या, तर यादीतल्या एकेचाळीस वस्तूंऐवजी बेचाळीस निघाल्या. बेचाळिसाव्या वस्तूला शेंडी होती.

"नारळ?" ऊर्मी फोनवर किंचाळलीच. टोरांटोजवळच्या केंब्रिजमधल्या वेअरहाऊसमध्ये सकाळचे आठ वाजले होते, तिकडे दुपारचे दोन. बाटल्यांना झाकणं लावणारं यंत्र उद्या सकाळी कलोनच्या प्रदर्शनात उभं राहिलं नाही, तर बाबांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक हातचं जाणार होतं. मार्चमध्ये बाबा गेले, त्यानंतर तिनं एकटीनं आखलेली ही पहिलीच खेप. टोरांटोहून विमान, पुढचा ट्रक, जर्मनीतली रविवारची ट्रकबंदी, हॉलच्या दाराशी माल उतरवायला मिळणारी पाऊण तासाची वेळ, सगळं तिनं हिशेबात धरलं होतं. नारळ तेवढा धरला नव्हता.

"दिलीपकाका, पेटीत नारळ ठेवलात?"

बाबांबरोबर पहिल्यापासून पॅकिंग करणारे काका टेप तोडत म्हणाले, "म्हंजे काय! अकरा वर्षं ठेवून राहिलो. शरदभाऊ म्हणे, मशीनच्या आधी नारळ. काऊन, पोचला नाही का?"

"पोचला ना! मशीनला अडवून बसलाय. यादीतच नाही तो."

"असा कसा नाही? शेवटून पहिला."

ऊर्मीनं जीभ चावली. जुन्या यादीत शेवटची ओळ होतीच: 'सुका नारळ, एक.' बाबांची थट्टा समजून तिनंच ती खोडली होती. आणि जकात न भरता प्रदर्शनापुरत्या नेलेल्या मालाचा नियम तर कडक: लिहाल तेवढंच न्यायचं, न्याल तेवढं सगळं परत आणायचं.

तिनं बाबांच्या फायली उपसल्या. मिलान, लियॉन, बार्सिलोना. दर यादीत नारळ, गेल्याचा शिक्का, आल्याचा शिक्का.

"काका, एकच नारळ?"

"तोच तर! आता आतून खुळखुळते बिचारा. आपण दोघं मिळून नाही पाहिला एवढा युरोप त्यानं पाहिला."

ऊर्मीला जे हसू फुटलं ते थांबेचना. काकाही हसत हसत रिकाम्या पेटीवर बसले, ती पेटी मोडली, मग तर दोघांची मुरकुंडीच वळली.

डोळे पुसत तिनं अकराही वर्षांच्या याद्या ब्रसेल्सच्या एजंटला पाठवल्या. दहा मिनिटांत त्याचा फोन आला, तोही हसत.

"अहो, तो नारळ आमच्या ओळखीचा आहे! कस्टम्सचे साहेब म्हणतात, त्याचा वेगळा कागद करा, लगेच सोडतो. शरदला द्या फोन, जरा चिडवतो त्याला."

दोन महिने ऊर्मी एक वाक्य बोलायचं टाळत आली होती.

"बाबा मार्चमध्ये गेले," ती म्हणाली. "आता मीच बघते."

पलीकडे कागद पुढे ओढल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "बरं. सांगा. वस्तू?"

"नारळ. सुका. एक."

"परत जाणार?"

"हो," ऊर्मी म्हणाली. "हा येतो परत."

तिकडच्या साडेतीनला ट्रक सुटल्याचा निरोप आला. काका मोडक्या पेटीतून अजून उठले नव्हते.

"ऊर्मे, पुढच्या टायमाले उदबत्ती लिहून घेशील का?"

"ती जळते, काका. परत कशी आणणार?"