सूर्य दिसल्याचा फोन

चातुर्मासात सूर्य दिसल्याशिवाय मी अन्न घेत नाही. सुजित आठ वर्षांचा असताना त्याला कावीळ झाली होती, तेव्हा देवाला बोलले होते. पोरगा उठून बसला, पण व्रत काही मला सोडवेना. यंदा व्रताला एकवीस वर्षं झाली.

उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये आमची बिल्डिंग, वर गच्ची. पूजा आटपली की मी तांब्या घेऊन वर जाते. ढगाआडून नुसतं पांढरं बिंब दिसलेलं मी धरत नाही. लादीवर माझी सावली पडली पाहिजे, हा माझा नियम. सावली पडली की अर्घ्य द्यायचं, खाली येऊन वहीत वेळ लिहायची आणि पान वाढून घ्यायचं. वहीची सवय सासूबाईंची. व्रत केलं तर लिहून ठेवावं म्हणायच्या, नाहीतर मन आपल्या सोयीने आठवतं.

ही वही माझ्या सुनेच्या, शलाकाच्या, हाती लागली.

शलाकाचा बदलापूरला कॉम्प्युटर क्लास आहे. अठरा कॉम्प्युटर, छतावर सोलरची पॅनेलं, कोपऱ्यात कपाटाएवढी बॅटरी. मुली येतात संध्याकाळी, दिवसभर कॉम्प्युटर रिकामे. म्हणून तिने पुण्याच्या एका संस्थेचं काम घेतलं. नदीला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, याची मोठमोठी गणितं हे रिकामे कॉम्प्युटर सोडवतात. अट एकच, ते काम फक्त उन्हाच्या विजेवर करायचं. ऊन असेल तेव्हा गणितं चालवायची, गेलं की थांबवायची, आणि उरलेलं ऊन संध्याकाळसाठी बॅटरीत साठवायचं.

“म्हणजे तुझे कॉम्प्युटर माझ्यासारखेच की गं,” मी म्हटलं. “ऊन पडेपर्यंत उपाशी.”

“हो, पण त्यांना शुगर नाही, आई.”

अशी बोलते. तोंडाने फटकळ, पण माझ्या गोळ्यांची डबी दर रविवारी तीच भरून ठेवते.

आठ दिवस वही तिच्याकडे होती. मागच्या पावसाळ्यातल्या माझ्या वेळा आणि तिच्या पॅनेलांच्या नोंदी तिने शेजारीशेजारी मांडल्या. मग मी भाजी निवडत बसले होते तिथे येऊन म्हणाली, “आई, ढग समुद्राकडून येतात ना? तर उघडीप आधी तुमच्या गच्चीवर होते, मग अंबरनाथवरून सरकत वीस-पंचवीस मिनिटांनी माझ्याकडे. रोज नाही, पण बऱ्याचदा. मोबाईल नुसता ‘ढगाळ’ म्हणून बसतो. तुम्ही बऱ्या. सूर्य दिसला की मला फोन करत जा.”

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा घातलं, इतकी हरखले होते.

आषाढ संपेपर्यंत छान चाललं. मी फोन करायची, “दिसला गं.” ती विचारायची, “जेवलात?” आणि मग पानावर बसायचं. पण एके दिवशी तीन वाजेपर्यंत सूर्य दिसला नाही आणि जिन्यात मला भोवळ आली. शेजारच्या लाजवंती भाभींनी शलाकाला फोन केला. ती मुलींना आज येऊ नका असं कळवून, क्लासला कुलूप लावून धावत आली. मला तिनेच चमच्याने साखरपाणी पाजलं. तेव्हापासून ती स्वतःच फोन करायला लागली, आणि दोन्ही प्रश्न एका दमात. दिसला का, जेवलात का. मी मनाशी ठरवलं, आपल्यापायी हिचा क्लास पुन्हा बंद पडू द्यायचा नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी तिच्या मुलींची परीक्षा होती. चार वाजता, कॉम्प्युटरवरच. त्यात एक वैष्णवी होती. पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई. कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात धागे तोडायची, डोळे दुखायला लागले म्हणून ते सोडलं. एका दवाखान्याने तिला नोकरी देऊ केली होती, पण सोमवारी हजर होताना परीक्षा दिल्याचा कागद हवा होता. ही तारीख हुकली तर पुढची दोन महिन्यांनी, आणि दवाखाना काही थांबणार नव्हता. शलाका आठवडाभर वैष्णवीबद्दलच बोलत होती.

त्या दिवशी बदलापूरला सकाळपासून लाईट गेलेली. सगळी भिस्त बॅटरीवर. सुजित अंबरनाथच्या कंपनीत ड्युटीवर, तिथे मोबाईल आत नेऊ देत नाहीत. आणि आकाश म्हणजे ओलं घोंगडं.

अकरा चाळीसला फोन आला. “आई, दिसला का? जेवलात का? तुमचा आवाज बारीक येतोय. येऊ का मी?”

परीक्षेच्या दिवशी ही सगळं टाकून येईल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

“दिसला गं. जेवले पण. तू तुझ्या मुलींकडे बघ.”

व्रतात खोटं बोलू नये असा वेगळा नियम मी कधी केला नव्हता, त्याची गरजच वाटली नव्हती. आणि खरं सांगते, बोलताना ते खोटं वाटलंसुद्धा नाही. लेकीच्या डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखं वाटलं. मी पाणी प्यायले आणि जप करत बसले.

पाऊण वाजता पुन्हा फोन. “आई, सूर्य नक्की किती वाजता दिसला? वहीत बघून सांगा ना.”

वही माझ्या मांडीवरच होती. त्या दिवसाची ओळ कोरी.

“शलाका,” मी म्हटलं, “दिसला नाही गं. मी जेवलेही नाही. तुला काळजी नको म्हणून...”

ती अगदी हळू म्हणाली, “आई, मी बारा वाजता गणितं लावली. संस्थेला आजच हवी होती. म्हटलं ऊन पोचतंच आहे, बॅटरी परत भरेल. बासष्ट टक्क्यांवर होती. आता एक्केचाळीस.”

“आणि परीक्षेला?”

“साठ तरी पाहिजे. तीसच्या खाली मी जाऊ देत नाही, तिथे ती आपोआप बंद होते.”

मला वाटलं, आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. “गणितं थांबवते,” म्हणाली आणि फोन ठेवला.

मी गच्चीवर गेले ते खाली आलेच नाही. लाजवंती भाभी ओल्या चादरी चाचपायला वर आल्या. “माधवी, आज सूरज छुट्टी पे है. खा ले कुछ, भगवान हाजिरी नहीं लेता.”

“त्याला नाही भाभी, मला हवी आहे हाजिरी.”

त्यांनी खालून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली आणि काही न विचारता शेजारी उभ्या राहिल्या. मी देवाकडे आजवर स्वतःसाठी ऊन मागितलं नव्हतं. येईल तेव्हा घ्यायचं, तेच तर व्रत. त्या दिवशी मागितलं. वैष्णवीचं नाव घेऊन मागितलं.

दोन वाजून आठ मिनिटांनी लादीवर आधी खुर्चीच्या पायांची सावली पडली. फिकट होती. मी उभी राहिले. मग माझी पडली, चांगली काळी, तांब्यासकट. पश्चिमेकडे ढगाला मोठं भगदाड पडलं होतं.

अर्घ्य बाजूला ठेवून मी फोन लावला. “शलाका, सूर्य दिसला.”

ती म्हणाली, “आई, सव्वादोनपर्यंत मला परीक्षेच्या मुख्य केंद्राला कळवायचंय, परीक्षा घेते की नाही. हो म्हटलं आणि मध्येच कॉम्प्युटर बंद पडले तर सगळ्यांचा पेपर बाद. नाही म्हटलं तर वैष्णवीची नोकरी गेली.” तिने श्वास घेतला. “सावली पडलीय?”

“पडलीय. भाभी इथेच आहेत, त्यांना देऊ का फोन? त्या सांगतील.”

“नको,” ती म्हणाली. “तुम्ही सांगितलंत ना. मी हो कळवते.”

एवढ्या शब्दाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सकाळीच तर मी तिला फसवलं होतं.

अर्घ्य दिलं, खाली आले, वेळ लिहिली. पान वाढलं, पण घास उचलवेना. व्रत सुटलं होतं तरी वाट बघणं सुटलं नव्हतं. दोन एकतीसला फोन वाजला. “आई, आलं! पॅनेलं नुसती लखलखतायत!” मागे मुलींचा गलका. त्या दिवशी गार वरणभात जितका गोड लागला, तितकं पक्वान्नही कधी लागलं नसेल.

साडेसहाला ती आली. सगळ्यांचा पेपर पार पडला होता. चार वाजता बॅटरी चौऱ्याहत्तरवर होती. संस्थेची गणितं मात्र अर्धीच झाली. “उद्यावर ढकलली. ओरडले थोडे,” म्हणाली आणि पिशवीतून केळ्यांची फणी काढून माझ्यापुढे ठेवली.

“आई, बॅटरी मी कधी तीसच्या खाली जाऊ देते?”

“नाही.”

“मग तुम्हाला का जाऊ देऊ? केळं आणि दूध अन्नात धरत नाहीत. क्लासशेजारच्या देवळातल्या गुरुजींना विचारून आलेय.”

“माझ्या व्रताचं तू परस्पर विचारून आलीस?”

“तुम्ही माझ्या बॅटरीशी परस्पर खेळलात,” ती म्हणाली. मग हसली, आणि हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. “मी पण चुकले. दोन प्रश्न एकत्र विचारत होते. ‘जेवले’ म्हणायला तुम्हाला ‘दिसला’ही म्हणावं लागत होतं.”

मी वही उघडली. दोन आठच्या वर लिहिलं, अकरा चाळीस, खोटं बोलले. आणि सूर्याच्या रकान्याशेजारी दुसरा रकाना आखला, केळं-दुधाचा.

दुसऱ्या दिवशीही आभाळ तसंच. अकराला फोन आला. “आई, तीस टक्के झाले?”

“केळं खाल्लं. दूध प्यायले.”

“आणि सूर्य?”

“नाही दिसला अजून.”

“बरं,” ती म्हणाली. “मग आम्हीही थांबतो.”